निघायची रेघ

हलका, लवकर पिकणारा धान पोटरीत आला, की आमच्या गावाला एक वेगळाच वास येतो. चिखलाचा म्हणावा तर तसा नाही, तांदळाचा म्हणावा तर तांदूळ अजून दूर असतो. दोन्हींच्या मधला, जरासा दुधाळ. बांध्यांत पाणी उभं असतं. रोवणीत बायांच्या पायांना झालेल्या चिखल्या नुकत्या भरून आलेल्या असतात. पोळ्यासाठी दारोदार पळसाच्या फांद्यांचे मेढे येऊन पडतात. आभाळ मोकळं असलं तर बिरसीच्या धावपट्टीकडून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घरघरत येतात, गावावर एक घिरटी घालतात नि परत जातात. ढग उतरले की ती येत नाहीत. आमचं हवामान खातं एवढंच. विमान दोन दिवस आलं नाही, की गावातली माणसं उगाच नदीच्या बाजूला एक फेरी मारून येतात.

बाकीचे नदीकडे बघतात. मी गेली तीन वर्षं वाचनालयाच्या भिंतीकडे बघते आहे.

मी या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. माहेर चिचगडचं, जंगलातलं. तिकडे पाणी म्हणजे विहिरीचं नि नाल्याचं. ते आपण होऊन माणसाच्या घरात शिरतं, हे मला लग्नानंतर कळलं. वाचनालयात लागून वीस-बावीस वर्षं झाली. गावातली पोरं पोलीस भरतीची पुस्तकं न्यायला येतात, म्हातारे पेपर वाचायला किंवा ऐकायला येतात, बाया दुपारच्या वेळी मासिकं चाळतात आणि पाककृतीचं पान हळूच फाडून नेतात. मला ते माहीत असतं. मी काही बोलत नाही. फाटलेलं पान कुणाच्या तरी चुलीशी कामाला येतं, एवढंच मनाशी म्हणते.

आमची इमारत आधी धानाचं गोदाम होती. खाली एक लांबट हॉल, वर मागाहून चढवलेली एक खोली. गाव संपतं आणि उतार नाल्याला मिळतो, नेमक्या तिथं ती उभी आहे; नाल्याकडची भिंत पार काठात उतरलेली. भिंतीच्या पुढं नाला, नाल्यावर भिंतीच्या पायापेक्षा जरा उंच रपटा, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल, आणि रपट्याच्या पलीकडं नदीटोला. तीसेक घरं; मासे धरणाऱ्यांची, मजुरीवर जाणाऱ्यांची. नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि रपटा बुडतो. रपटा बुडला की टोला तुटला. मग नाव आणल्याशिवाय तिकडं जाता येत नाही.

या इमारतीच्या नाल्याकडच्या भिंतीवर दोन रेघा होत्या. गेरूच्या, बोटभर जाड, जरा वाकड्या. वरची खांद्याएवढी. ती फार जुन्या पुराची, पाणी कुठवर चढलं होतं ते सांगणारी. खालची गुडघ्याच्या थोडी वर. तिला टोल्यात नावच होतं, निघायची रेघ. पाणी त्या रेघेला टेकलं, की अर्ध्या-पाऊण तासात रपटा बुडतो, हे टोल्यातल्या माणसांनी पिढ्यांच्या अनुभवातून बसवलेलं गणित. रेघेला पाणी लागलं की भाकर तव्यावर असली तरी ती सोडून निघायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही.

ही रेघ दर वर्षी नवी व्हायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाव मारबत काढतं. दारचे मेढे गोळा करतात, खोकला, ताप, डास, भांडणं, ज्याला जे नको ते सगळं मारबतीच्या नावानं ओरडून शिवेबाहेर फेकून येतात. परतताना टोल्यातली माणसं आमच्या भिंतीशी थांबायची. टोल्यातले जाणते म्हातारे सुकरूबाबा करवंटीत कालवलेला गेरू घेऊन पुढं यायचे, वाकून रेघेवरून बोट फिरवायचे. पावसानं फिकी झालेली रेघ पुन्हा लाल व्हायची. मग चार पोरांना भिंतीशी उभं करून विचारायचे, "कोठवरी येते रे तुले?" पोरं गुडघा, मांडी दाखवायची. बस, एवढाच समारंभ. भाषण नाही, नारळ नाही.

सुकरूबाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी रोज दुपारी वाचनालयात यायचे. मी पेपर मोठ्यानं वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा मी थट्टेनं म्हटलं, "बाबा, एवढी पुस्तकं आहेत इथं, या वयात तरी अक्षरं शिकून घ्या." ते हसले. "बाई, मले तुमच्या वाचनालयातली एकच ओळ वाचता येते. थे बाहेर हाय." मला ते फार आवडलं होतं. चार ठिकाणी मी ते सांगितलंही.

आणि तीच ओळ मी पुसली.

झालं असं, की त्या वर्षी आमच्या वाचनालयाचा वर्ग वाढायची शक्यता होती. तपासणीला साहेब यायचे होते. सार्वजनिक वाचनालयात काम करणाऱ्याला तपासणी म्हणजे काय ते सांगायला नको. दाखल रजिस्टर, देवघेव रजिस्टर, सह्यांचं रजिस्टर, कपाटांवर चिठ्ठ्या, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक. मी महिनाभर घरी जेवण करपवत होते. हॉल पांढरा केला, दाराला निळा रंग दिला. रंग उरला नाही म्हणून बाहेरच्या भिंतीसाठी फिकट पिवळा ऑइल पेंट आणला. रंगारी म्हणाला, "मॅडम, ये लाल लाल क्या है, इसपे भी मार दूं?" मी रजिस्टरातून मान वर न करता म्हटलं, "मारून टाक."

एवढंच. वाक्य दोन शब्दांचं. मी ते आठवून आठवून झिजवलं आहे.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकरूबाबा करवंटी घेऊन आले आणि कोऱ्या पिवळ्या भिंतीपुढं उभे राहिले. त्यांच्या मागं टोल्यातली दहा-बारा माणसं. मी पायऱ्यांवर होते.

"बाई, काऊन पुसलं जी?"

"बाबा, साहेब येणार आहेत तपासणीला. नवीन रंग आहे. एवढी तपासणी होऊ द्या, मग काढा."

ते पुढं झाले. भिंतीला हात लावून बघितला. ऑइल पेंट गुळगुळीत लागला असावा, त्यांनी हात लगेच काढून घेतला. "मंग काढू तर," म्हणाले. करवंटीतला गेरू त्यांनी ओतून दिला नाही. घरी घेऊन गेले. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार माणूस आहे.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पाऊस लागला. पाऊस आमच्याकडं पडतोच. धानाचा मुलूख आहे, पाऊस पडला नाही तर रडतो, पडला तर कुरकुरतो. पण तो वेगळा होता. त्यात पहिल्या दिवशी वारा होता, मग वाराही थांबला. नुसतं सरळ पाणी, तीन दिवस. इटियाडोह धरणाकडच्या पाहुण्यांचे फोन आले, तिकडंही तसंच. वरची धरणं भरली, दरवाजे उघडले. भरलेलं धरण उघडावंच लागतं, त्यात कुणाचा दोष नाही. गावाच्या मोबाइलवर निरोप फिरत होते. टोल्यातल्या अर्ध्या लोकांनी ते बघितले, अर्ध्यांच्या मोबाइलला चार्जिंग नव्हतं, कारण वीज आदल्या दिवसापासूनच गेली होती. आणि ज्यांनी बघितले त्यांनीही म्हटलं, रेघ काय म्हणते ते बघू.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार-साडेचारला मी वाचनालयात होते. पाणी भिंतीच्या पायाशी आलेलं. मी पुस्तकं वर चढवत होते. आधी दाखल रजिस्टर, मग कोशाचे जाड खंड, मग भरतीची पुस्तकं. दोन हातांवर हनुवटीपर्यंत रचून जिना चढायचा, वर टाकायची, परत खाली. कथा-कादंबऱ्या भिजल्या तर भिजल्या, पण रजिस्टर भिजलं तर तपासणीत काय दाखवू, हा विचार माझ्या डोक्यात होता. तो खरंच होता. आज लिहितानाही लाज वाटते, पण तो होता.

तेवढ्यात सयत्रा आली. सुकरूबाबांची सून. नवरा हैदराबादला मजुरीला, घरी ती, तिची लहान मुलगी आणि सासू-सासरे. सासू फुलाबाई गुडघ्यांनी पार अधू. उचलूनच न्यावी लागायची. सयत्रा रपटा ओलांडून, भिंतीशी चढलेल्या पाण्यातून पोटऱ्यांपर्यंत भिजत आली होती.

"बाई, बाबानं विचारलं, रेघ कोठं हाय? पानी किती बाकी हाय?"

माझ्या हातात कोशाचे चार खंड. मी दारातूनच वाकून भिंतीकडं पाहिलं. पिवळी, कोरी, ओली भिंत. रेघ कुठं होती? गुडघ्याच्या वर. पण कुणाच्या गुडघ्याच्या? वीस वर्षं मी ती रोज बघितली होती आणि आता मला आठवत नव्हती. रोज दिसणारी गोष्ट माणूस कधी नीट बघतच नाही. खिडकीच्या गजांवरून काहीतरी अंदाज केला आणि हनुवटीनंच दाखवलं. "ते बघ, खिडकीच्या खाली ढलपा निघालाय ना, तिथं होती. अजून बरंच बाकी आहे."

सयत्रानं त्या ढलप्यावर बोट ठेवलं. "इथं?"

"हो, तिथंच."

ती गेली. मी जिना चढले.

आमच्या कामात एक साधी रीत असते. कुणी काही विचारलं आणि आपल्याला पक्कं ठाऊक नसलं, तर "थांबा, बघून सांगते" म्हणायचं. उठायचं, रजिस्टर काढायचं, पान उघडायचं, मग बोलायचं. ग्रंथपालाला सगळं माहीत नसतं. कुठं बघायचं ते माहीत असतं, एवढीच त्याची विद्या. दुसऱ्यांना मी हे कितीदा शिकवलं. त्या दिवशी मी न बघता सांगितलं. बघायला काही शिल्लक नव्हतं, कारण मीच ते पुसलं होतं, आणि "मला आठवत नाही" एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. शिकलेल्या माणसाला ते जड जातात. पायरीवरून खाली उतरून, पाण्यात उभं राहून दोन मिनिटं नीट आठवलं असतं, तरी कदाचित आठवलं असतं. मी उंटावरून शेळ्या हाकल्या.

सयत्रानं घरी सांगितलं, अजून बरंच बाकी आहे. सुकरूबाबांनी म्हटलं, मग म्हातारीला दोन घास खाऊ घालून निघू. बाबा निघाले की टोला निघतो, म्हणून बाकीची घरंही थांबली. फुलाबाईला खाटेवर घालून घरचे सगळे रपट्याशी पोचले, तेव्हा रपटा दिसत नव्हता. नुसतं फिरणारं लालसर पाणी. ते परतले. माळ्यावर चढले. टोल्यातली कितीतरी माणसं झाडांवर, कौलांवर. सकाळी उजाडल्यावर नावा आल्या. सगळे निघाले. सुकरूबाबांच्या घराची मातीची भिंत मात्र नावेच्या आधी गेली होती. सयत्रा, तिची मुलगी नि बाबा वाशाला धरून होते. फुलाबाई नव्हती.

त्यानंतरचे नऊ दिवस वाचनालयाच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते, असं मी कधीकधी म्हणून जाते आणि जीभ चावते. पण ते खरंच आहे. टोला सगळा आमच्याकडं होता. खाली हॉलचा चिखल उपसून ताडपत्र्या टाकल्या; वर पुस्तकं एका भिंतीला सारून लेकुरवाळ्या बाया निजल्या. जुन्या पेपरांचे गठ्ठे, जे मी रद्दीला द्यायचं वर्षानुवर्षं पुढं ढकलत होते, त्यांची अंथरुणं झाली. सभासदांच्या कार्डांवरून कोण आलं नि कोण राहिलं याची हजेरी लावली. शाळेतून जनरेटर आला, त्यावर मोबाइल चार्ज करायला रांग. दुसऱ्या दिवशी कुणीतरी उठवलं, की धरण फुटलं. बाया पोरांना काखेत मारून उठल्याच. मी टेबलावर चढून, तहसीलमधून आलेला निरोप मोठ्यानं वाचला, रोज पेपर वाचते तसा. हळूहळू सगळे खाली बसले. ज्यांनी कधी वाचनालयाचा उंबरा ओलांडला नव्हता, ते तिथं जेवले, निजले, भांडले. एका बाईच्या बाळंतपणाच्या कळा तिथंच सुरू झाल्या. वेळेत गाडी मिळाली. पंचनाम्याचे अर्ज मी लिहिले. कुणाचं आधार कार्ड वाहून गेलं, कुणाचा सातबारा. ज्यांनी झेरॉक्स आमच्याकडं ठेवल्या होत्या, त्यांचं काम झालं. वाचनालय असतं कशाला, हे मला त्या नऊ दिवसांत कळलं. पुस्तकं ठेवायला नव्हे. वेळ आली की लोकांना जे आठवत नाही, हरवतं, पटत नाही, ते त्यांच्यासाठी जपून ठेवायला.

आणि हे कळलं तेव्हा सुकरूबाबा त्याच हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. पेपर वाचायला सुरुवात केली की डोळे मिटायचे, पूर्वीसारखेच.

फुलाबाईची तेरवी झाली. आणि गावात बोलणं सुरू झालं. सून रेघ पाहायला गेली होती, धड पाहिली नाही. सून घाबरली, अर्ध्यातूनच परत आली. सुनेला म्हातारी जडच झाली होती. हे शेवटचं मी माझ्या टेबलापुढं, माझ्या कानांनी ऐकलं. दोन बाया पुस्तकं बदलायला आल्या होत्या. मी तारखेचा शिक्का मारत होते. मारत राहिले. हैदराबादहून नवरा आला, तो सयत्राशी बोलेना, तसाच परत निघून गेला. चार-सहा महिने ती माहेरी होती. परत आली तेव्हा हातापायांच्या काड्या झालेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. आणि तिच्या तोंडावरचा हात माझा होता.

माझा मात्र सत्कार झाला. संकटकाळात वाचनालयानं गावाला आधार दिला, म्हणून शाल, श्रीफळ, फोटो. पेपरातही आलं. मी हात जोडून उभी राहिले. तपासणी झाली, साहेब खूश झाले, वर्ग वाढला. ग्रामपंचायतीनं आमच्या नावाला एक पत्र्याची पाटी करून आणली, आपत्ती निवारा केंद्र. "बाई, कुठं लावायची?" शिपायानं विचारलं. मी म्हटलं, ठेवून दे, जागा सांगते.

पुढच्या उन्हाळ्यात एका भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी खुरपं घेऊन त्या भिंतीशी बसले. ऑइल पेंट खरवडला. खिडकीखालच्या ढलप्यापासून सुरू करून खाली खाली येत गेले. पिवळ्याखाली जुना चुना. चुन्यात एका जागी लालसर काही दिसायला लागलं. अनेक वर्षांचे गेरूचे थर, एकावर एक, कागदाच्या गठ्ठ्यासारखे. मी हात लावून मोजलं. ढलप्यापासून खाली एक वीत आणि चार बोटं.

नाल्याच्या पाण्याला वीतभर चढायला किती वेळ लागतो, ते मला आता ठाऊक होतं.

मी उठले, पाटी आणली आणि स्वतः हातोडीनं चार खिळे मारून ती त्या खरवडलेल्या जागेवर ठोकली. इतकी खाली पाटी कोण लावतं? लोक हसले. बकऱ्या त्या पाटीला अंग घासायच्या. मी म्हटलं, मुलांनाही वाचता यावी म्हणून. चोराच्या मनात चांदणं. बकरी पाटीशी गेली तरी मी उठून तिला हाकलायची.

दोन पोळे तसे गेले. मारबत निघायची, टोल्यातली माणसं परतताना भिंतीशी न थांबता सरळ जायची. तपासणी होऊन गेली होती, पण मी कुणाला बोलावलं नाही, आणि सुकरूबाबा आपण होऊन आले नाहीत. दुपारचं पेपरासाठी येणंही त्यांनी सोडलं होतं. मी स्वतः शिवेवर जाऊन आले एकदा. सगळे आपापल्या पीडा ओरडून फेकत होते. मीही मनात म्हणून बघितलं, घेऊन जा. पण मारबत ताप नेते, खोकला नेते. केलेली चूक नेण्याची तिची रीत नाही.

यंदा पोळ्याच्या आधी विमानं पुन्हा चार दिवस आली नाहीत. टोल्यातल्या एका नव्या सुनेनं वाचनालयात येऊन मला विचारलं, "बाई, इथं म्हणे रेघ होती. कोठवरी होती जी?" तिच्या कडेवर मूल होतं. तेच शब्द, तसंच ओलं लुगडं. मी म्हटलं, "थांब, बघून सांगते." आणि मग माझं मलाच कळलं, की आता दाखवल्यावाचून सुटका नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी मी रपटा ओलांडून टोल्यात गेले. सुकरूबाबा दारात बसले होते. नजर आता अधू झाली आहे. मी म्हटलं, "बाबा, उद्या गेरू घेऊन या. सयत्रालाही आणा."

"थिले कायले?" ते म्हणाले.

"आणा," मी म्हटलं.

सकाळी मेढे फेकून लोक परतले, तेव्हा मी भिंतीशी उभी होते. पाटी काढून खाली ठेवली होती. खरवडलेला चौकोन उघडा पडला होता, त्यात ती लाल रेघ. माणसं थांबली. मी फार बोलले नाही. बोलता आलंच नसतं. रेघ मी पुसायला लावली, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सयत्रा विचारायला आली, तिनं नीटच विचारलं. मी न बघता सांगितलं. हा ढलपा दाखवला. रेघ इथं होती. चूक हिची नव्हती. आणि हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे.

 मी सयत्राकडं बघितलं. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

ती शांतपणे म्हणाली, "बाई, मी सांगतली होती घरी. पयल्याच दिवशी. बाईनं इथं दाखवलं म्हनून." तिनं पदर कमरेला खोचला. "कोनी ऐकलं नाही. बाई शिकलेली हाय, थे कशी चुकनार, मनले. तूच इसरली असशीन."

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एवढा विश्वास कुणी दाखवला नव्हता. तो सगळा विश्वास त्या पोरीच्या पाठीवर पडला होता.

सुकरूबाबा काठी टेकत पुढं आले. वाकून भिंतीवर हात फिरवला, खरवडलेली रेघ बोटांना लागली तिथं थांबले. मग ढलपा शोधला. मधलं अंतर वितेनं मोजलं, मी मोजलं होतं तसंच.  फुलाबाईचं नाव त्यांनी घेतलं नाही. सरळ झाले, करवंटी पुढं केली आणि सुनेला म्हणाले, "माय, तू काढ."

 तिला माय म्हणताना त्यांना कुणीच ऐकलं नव्हतं.

सयत्रा बसली. गेरूत बोट बुडवून जुन्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. सासऱ्यांसारखीच, जरा वाकडी. काढून झाल्यावर ती उठली नाही. करवंटी माझ्याकडं सरकवली.

"तुमी दाखवली थे जागाबी रंगवा बाई. लोकाइले दिसू द्या."

मी बसले. गुडघे दुखतात आता. ढलप्यावर बोट ठेवलं, जसं तिनं त्या दिवशी ठेवलं होतं, आणि माझी रेघ काढली. हाताला सवय नव्हती, त्यामुळं ती तिच्या रेघेपेक्षाही वाकडी आली. नव्या सुनेनं मुलाला खाली उतरवून भिंतीशी उभं केलं. खालची रेघ त्याच्या छातीला येत होती.

आता भिंतीवर तीन रेघा आहेत. खांद्याएवढी जुन्या पुराची, तीही मागाहून रंग खरवडून उघडी केली; गुडघ्याजवळची निघायची, आणि तिच्या वर वीत नि चार बोटांवर ही एक. दाराजवळ, माणसाच्या उंचीवर, पाटी लावली आहे. सुकरूबाबा परवापासून दुपारी यायला लागले आहेत. माझ्याशी फार बोलत नाहीत. मी पेपर वाचते, ते ऐकतात. सयत्राचा नवरा अजून आलेला नाही. त्याला मी पत्र लिहिलं आहे, सगळं नीट, तारखेसह. उत्तर आलेलं नाही.

येत्या हिवाळ्यात पुन्हा तपासणी आहे. साहेब विचारतील, भिंत अशी का. भरतीच्या पोरांनी तर आत्ताच विचारलं, "बाई, मधली रेघ कोणत्या सालच्या पुराची जी?" इतर कशाहीबद्दल विचारलं की मी अजून "थांबा, बघून सांगते" म्हणते आणि उठून रजिस्टर काढते. या एका रेघेसाठी उठावं लागत नाही. ती कुठल्या पुराची नाही, ती माझी आहे, एवढं मला न बघता सांगता येतं.